मीठ चोळलेलं कोकरू

कराडच्या दवाखान्यातनं धोंडुबाई आटपाडीकडच्या आपल्या वस्तीवर परतली, त्याला चार दिवस झाले होते. दुर्बिणीनं पित्ताशय काढलं, पोटावर चार बारीक भोकं राहिली. दुखायचा मात्र उजवा खांदा. ऑपरेशनला पोटात भरलेला वारा जाता जाता म्हणे तिथं बसतो. "मेल्यानं बिऱ्हाडच टाकलंय," ती म्हणायची.

नवरा नि लेक मेंढरं घेऊन पलूसकडं गेलेले. घरी ती, सून पल्लवी आणि चालवेना म्हणून मागं ठेवलेली एक गाभण मेंढी.

सकाळी मेंढी व्याली. पहिलटकरीणच ती, कोकराकडं ढुंकून बघेना, जवळ आलं की ढुशी द्यायची. ऊन वर आलं तरी कोकराच्या पोटात थेंब नाही. ते मान टाकू लागलं, तशी धोंडुबाई खाटेवरनं उठू लागली.

"आवं आत्या, बसा तितं! घागरसुदिक उचलायची न्हाई म्हणालाय डॉक्टर."

"मेंढी गुडघ्यात आवळून धराय लागती, पोरी. तू इस्लामपुरात वाढलेली. तुला शेरडू कंचं, मेंढरू कंचं, कळत न्हाई."

"मग सांगा की. हात माझं, तोंड तुमचं."

"मीठ आण. वल्या कोकराला चोळ. आता मेंढी धर. मांडीत गं, गळा न्हवं!"

मेंढीनं हिसडा दिला. पल्लवी लेंड्यांत बसली.

"हिच्यापरीस माझी सासू बरी!"

"आयकतीया ती!" धोंडुबाई पोटाशी उशी दाबून हसली. दवाखान्यात पहिल्यांदा उभी राहताना ह्याच पोरीनं तिला कवेत धरलं होतं.

पल्लवीनं परत मेंढी आवळली. मेंढीनं कोकरू हुंगलं. मग खारट पाठीवर जीभ फिरली, फिरतच राहिली. ती चाटत शेपटाशी पोचली तवर कोकराच्या तोंडात सड गेला होता. इवलंसं शेपूट थरथर हलू लागलं.

धोंडुबाईचे डोळे भरले. दवाखान्यापासनं बंद पडलेली ओवी आपसूक ओठांवर आली.

"पोटाला चार टाकं, मला उठवंना गं बाई,
लेक कुणाची पल्लवी, माझ्या कोकराची आई."

पल्लवीनं मेंढीवरची पकड सैल केली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आत्या, तुमच्या ओवीत तर कायम भाऊ असतोय."

"असूदे. त्यो कुटं दवाखान्यात भेटाय आला?"