मुठीचा डबा

रुखमाबाईला माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी करणसिंग गावितने तिचे स्वयंपाकघर मोजले. मांडणीवर पितळी डबे सात, त्यांतला एक पोचा पडलेला. वाट्या अकरा. उलथनी दोन, झारा एक, दांडा निघालेली पळी एक. खुंटीला सूप, त्यामागे चाळणी. चुलीच्या डाव्या हाताला तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा, त्यावर लाकडी झाकण. आत तांदूळ, पट्टी घालून पाहिले तर तळापासून सतरा सेंटीमीटर.

हे सगळे त्याने वहीत उतरवले आणि खाली तारीख घातली, २० ऑगस्ट. नवापूरच्या एका हायस्कुलात तो एकतीस वर्षे प्रयोगशाळेत मदतनीस होता. दर एप्रिलला परीक्षानळ्या मोजून कपाटांना कुलूप लावणे हे त्याचेच काम. शाळेत त्याने कधी धडा शिकवला नाही, तरी गाव त्याला सर म्हणे. गावच्या ख्रिस्ती देवळात तो पंच होता आणि रविवारी मुलांचा वर्ग घेई.

"यातलं काही हलवायचं नाही," त्याने सुनेला सांगितले.

"नाही हलवत, बाबा. मागच्या पडवीत माझा गॅस आहेच." संध्या म्हणाली. "मुठीचा डबा तेवढा घेते. तीन दिवस मूठ काढायची राहिलीय."

मूठ ही रुखमाबाईची रीत. भातासाठी घेतलेल्या तांदळातून, तो धुण्याआधी, एक मूठ काढून डब्यात टाकायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. दर शनिवारी त्यातल्या तीन मोठ्या वाट्या पाड्याच्या टोकाला राहणाऱ्या कालीबाईकडे जात आणि उरलेला तांदूळ नोव्हेंबरात हंगामाच्या सणाला देवळात. कालीबाई देवळात येणाऱ्यांतली नव्हती, आदिवासींच्या देवमोगरा मातेच्या जत्रेला जाणारी होती. रुखमाबाईने बारा वर्षांत तो विषय काढला नाही. एके काळी अठ्ठावीस घरांतून अशी मूठ निघे. शेवटी हे एकच घर उरले होते.

"त्या डब्यात हात घालू नकोस," करणसिंग म्हणाला. "शेवटची मूठ तिची आहे त्यात."

"मग दुसरा डबा करू?"

"तिची मूठ ती तिची. रीत तिच्याबरोबर गेली."

संध्याने पदर खोचला आणि ती पडवीत गेली.

पुढे वर्षभर करणसिंग दर रविवारी उपासनेला निघण्याआधी डबा ओल्या फडक्याने पुसायचा. झाकण उघडले नाही. देवळात साक्षीची, म्हणजे उभे राहून आपला अनुभव सांगण्याची, वेळ आली की तो उठे आणि जुन्या दिवसांच्या आठवणी काढी. चार गावांहून बैलगाड्या येत, कंदिलाच्या उजेडात पहाटेपर्यंत गाणी चालत, दारात आलेला माणूस उपाशी परत जात नसे. आताच्या मंडळीला मोबाइलमधून मान वर काढायला वेळ नाही, असे म्हणून तो बसे. एकदा जेवताना संध्या म्हणाली, "आई तर सांगायच्या, बाबा देवळात यायचे ते चौथ्या गाण्याला."

"तुझ्या सासूला मोजता येत नव्हतं," करणसिंग म्हणाला. उमाकांत, त्याचा मुलगा, ताटात बघून हसला.

त्या हिवाळ्यात कालीबाई दोनदा आली होती. तिचा मुलगा बायकापोरांसह ऊसतोडीला गुजरातेत गेलेला. घासलेल्या बोटांमुळे रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठेना, म्हणून दर महिन्याला दोन-तीन खेपा घालाव्या लागत आणि कधी त्याही वाया जात. पहिल्यांदा ती जानेवारीत आली, ओट्यावर बसली. करणसिंगने तिला पाणी दिले, चहा दिला आणि रुखमाबाईच्या गोष्टी सांगितल्या. ताप असतानासुद्धा तिने मूठ कशी काढली, सुपात तांदूळ पाखडताना ती कोणते गाणे म्हणे. कालीबाई तासभर ऐकत राहिली. फेब्रुवारीत पुन्हा तसेच झाले. उठताना ती गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, "चल करणभाऊ, आज तुझ्या गोष्टीनंच पोट भरलं."

हे वाक्य त्याला इतके आवडले की त्याने ते पुढच्या रविवारी मंडळीला सांगितले. देवळात न येणारी बाईसुद्धा रुखमाबाईच्या आठवणीने तृप्त होते, असे तो म्हणाला. मागच्या बाकावर संध्याने मान खाली घातली होती. ती प्रार्थना करते आहे असे त्याला वाटले.

या नोव्हेंबरात पाळकसाहेब घरी आले. "सर, सणाला मुठीवर साक्ष द्या. ऐकून चार घरांनी परत सुरू केली तरी पुष्कळ."

"डबाच नेतो," करणसिंग म्हणाला. "तिने ठेवला तसा, जसाच्या तसा. लोकांनी डोळ्यांनी बघू दे."

त्याला दुसरे काही सुचेना. हा डबा वेदीपुढे ठेवायचा, हात लावून उभे राहायचे, म्हणजे रुखमाबाई त्या दिवशी देवळात असेल. सणाआधीच्या रविवारी मुलांचा पाठ अरण्यात आकाशातून पडणाऱ्या मान्ना नावाच्या अन्नाचा होता: रोज रोजचा गोळा करायचा, उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. काजल नावाची मुलगी म्हणाली, "सर, डबा घट्ट लावला तर किडे कुठून येणार?"

प्रश्न त्याच्या आवडीचा होता. "बाहेरून यायला लागत नाहीत. धान्यात अंडी आधीच असतात, दाण्याच्या पोटात. नुसता वेळ मिळाला की झालं."

शनिवारी सकाळी तो कालीबाईला बोलवायला निघाला. बारा वर्षे तिने या मुठीचा भात खाल्ला, तिने उद्या देवळात दोन शब्द बोलावे, अशी त्याची इच्छा होती. दाराच्या कड्या तारेने बांधलेल्या होत्या. शेजारची रिना अंगणात तूर झोडत होती.

"कुठं गेली ही?"

"ऊसतोडीला गेली, काका. पोराच्या टोळीबरोबर, ट्रकमध्ये बसून. झाले की नऊ दिवस."

"या वयात ऊस तोडणार?"

"ऊस कुठला तोडते. कोप्यांवर, तिथल्या झोपड्यांत, लहान पोरं सांभाळेल. दोन वेळचं जेवण मिळतं ना." रिनाने तुरीची काठी खाली ठेवली. "नको जाऊ म्हटलं मी. तर म्हणे, मागच्यासारखा हिवाळा परत नको. तुमच्याकडं आली होती ना दोनदा?"

"आली होती."

"हो. चहा बरा होता म्हणाली."

करणसिंगने दाराची तार ओढून पाहिली. मग म्हणाला, "एकदा तिनं मला म्हटलं, गोष्टीनं पोट भरलं."

रिनाने त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा काठी उचलली. "कालीबाईची जीभ तशीच आहे, काका."

घरी येऊन त्याने संध्याला हाक मारली. "तुला ठाऊक होतं?"

"काय?"

"कालीबाईकडं खायला नसायचं ते."

"मी वाटीभर तांदूळ नेला होता एकदा. घेतला नाही तिनं. म्हणाली, तुझ्या ताटातलं काढून देऊ नको, पोरी. रुखमीची मूठ शिजायच्या आधीच माझ्या नावची असायची, ती मी घेत होते."

"मग मला सांगायचं नाही?"

"दुसरा डबा करू का, विचारलं होतं, बाबा."

तो पाटावर बसला. त्याला आठवले ते वेगळेच. रुखमाबाई मूठ काढत असे तेव्हा तो कितीदा म्हणाला होता, तुझ्या त्या मुठीमुळे माझा भात रोज दोन घास कमी पडतो. एकदा रागात डबा पायाने सरकवला होता, त्याचा ओरखडा जमिनीवर अजून होता. त्याने तोही दर रविवारी पुसला होता. ही गोष्ट त्याने कुठल्याच साक्षीत सांगितली नव्हती.

झाकण काढताच कोंदट, गोडसर वास आला. वरचा थर जाळीने एकमेकांना चिकटला होता. त्याने बोट घातले तर बारीक पीठ उडाले आणि काळे सोंडे बोटावर चढले. संध्या पदर नाकाशी धरून मागे सरली. "कोंबड्यांना टाकू?"

"थांब. आधी पाळकसाहेबांना फोन लाव."

फोनवर तो इतकेच म्हणाला की उद्याची साक्ष दुसऱ्या कुणाला द्या, माझ्याकडे द्यायला साक्ष नाही. पाळकसाहेबांनी तब्येत विचारली. तब्येत बरी आहे, म्हणून त्याने फोन ठेवला.

मग त्याने उमाकांतच्या पोल्ट्रीतला वजनकाटा आणायला लावला. खुंटीवरचे सूप आणि चाळणी पंधरा महिन्यांत पहिल्यांदा खाली आली. अंगणात चादर पसरून तो ऊन उतरेपर्यंत बसला होता. चाळत, पाखडत, एकेक गोळा फोडत. संध्या समोर बसून निवडू लागली, त्याने तिला नको म्हटले नाही. पाखडताना तिच्या सुपाचा आवाज ओळखीचा होता. त्याने वर पाहिले नाही.

दिवेलागणीला वही काढून त्याने त्याच पानावर, पहिल्या यादीखाली लिहिले.

२२ नोव्हेंबर. डब्यातून निघाले एकूण ६ किलो १५० ग्रॅम. पीठ, भुसा व किडे २ किलो ४८० ग्रॅम. जाळी लागलेले व पोखरलेले दाणे ३ किलो २९० ग्रॅम. अखंड तांदूळ ३८० ग्रॅम.