थोरली बाहेर आहे

हां, आता बोलते. दोन मिनिटं कुणी हात लावेल असं दिसत नाही, तेवढ्यात उरकून घेते. मी एक कडी. साधी, लोखंडाची, करंगळीएवढी जाड. कमरेएवढ्या लाकडी फाटकावर मला बसवलंय आणि परवापर्यंत दिवसातून साठ-सत्तर वेळा मला उचलायचे, पाडायचे, पुन्हा उचलायचे. लोकांना वाटतं, कडीला काय काम, नुसतं लटकायचं. या एकदा माझ्या जागेवर!

माझा जन्म भट्टीतला. लोहारानं मला तापवलं, ठोकलं, वाकवलं आणि पाण्यात बुडवलं, तेव्हा जी चुर्रकन ओरडले तेच माझं पहिलं बोलणं. पहिली नोकरी न्हाणीघराच्या दारावर, अकरा वर्षं. माणसं आत येऊन गातात किंवा रडतात, दोन्ही पाण्याच्या आवाजात खपून जातं. बाकी काय काय ऐकलं ते सांगणार नाही, आमच्या धंद्यात तोंड बंद ठेवायची रीत आहे. मग ते दारच बदललं आणि मी खिळ्यांच्या डब्यात गेले. चार वर्षं तिथं पडून होते. टोचून बोलणाऱ्यांच्या वस्तीत दिवस काढणं म्हणजे काय, ते मला विचारा.

डबा सुताराचा होता. घराला लागूनच त्याचं कामाचं शेड आहे. घरात तीन माणसं: सुतार, त्याची बायको आणि त्याचे वडील. बायको टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्याचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घेते, त्यामुळे घरी आल्यावर ऐकायला कान शिल्लक राहत नाहीत. वडिलांना सगळे बाबा म्हणतात. आणि दोन कुत्र्या. थोरली नऊ वर्षांची, ती बाबांची. त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच खाटेखाली. धाकटी तीन वर्षांची, ती सूनबाईंची लाडकी. दोघींना घरात गमतीनं जावा-जावा म्हणायचे. एका गोधडीवर पाठीला पाठ लावून झोपायच्या, असं मी ऐकलंय. मी आले तोवर ते दिवस संपले होते.

धाकटी व्यायली. पाच पिल्लं. सहाव्या दिवशी थोरली नेहमीसारखी पाणी प्यायला मधल्या खोलीत आली. पाण्याचं भांडं पिल्लांच्या टोपलीपासून चार पावलांवर. थोरलीचा काहीच दोष नव्हता, तिला फक्त तहान लागली होती. धाकटी एकदम अंगावर आली आणि थोरलीच्या कानाचा टवका उडाला. सुतारानं दोघींवर पाणी ओतून त्यांना सोडवलं आणि त्याच दुपारी डब्यात हात घालून मला बाहेर काढलं.

असं हे फाटक उभं राहिलं. धाकटी आणि पिल्लं अडगळीच्या खोलीत, दारात फाटक, फाटकावर मी आणि समोरच्या चौकटीवर कोयंडा. कोयंडा माझा जोडीदार. सगळा भार झेलतो, पण एक शब्द बोलत नाही. असे नवरे असतात.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. त्यांनी सांगितलं, फाटकावर जुनी चादर टाका, दोघींना एकमेकींचं तोंड दिसायला नको. जेवण वेगळं, पाणी वेगळं, फिरणं वेगळं. एकीच्या अंगाखालचं फडकं दुसरीला हुंगायला द्या, पण समोरासमोर आणू नका. सुतार म्हणाला, थोरली गुरगुरली की मी तिला दम देतो. बाईंनी त्याला तिथंच थांबवलं. गुरगुरणं हे तिचं बोलणं आहे, म्हणाल्या, ते बंद केलंत तर ती न सांगता चावेल.

मग सुरू झाली माझी खरी नोकरी. धाकटीला मागच्या अंगणात न्यायचं तर मधली खोली ओलांडावी लागे. त्याआधी थोरलीला बाबांच्या खोलीत घालून दार लावायचं. थोरलीला पाय मोकळे करायचे तर आधी मी लागलेली आहे ना, ते बघायचं. सगळं घर सतत विचारत असायचं: थोरली कुठंय, धाकटी कुठंय, दार लावलंस का? कुणाचा घास धड तोंडात जात नव्हता. बाबा खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे, थोरली त्यांच्या पायाशी. चादरीपलीकडून धाकटीची नखं फरशीवर वाजत राहायची. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला तर ती थांबली की जास्त भीती वाटायची.

मी तेव्हा करकरत होते. उचललं की अख्ख्या घराला कळायचं. पिल्लं दचकून उठतात म्हणून सूनबाईंनी तक्रार केली आणि सुतारानं मला तेल दिलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्या सांध्याकडे पाहिलं होतं.

तिसऱ्या आठवड्यातली सकाळ. सूनबाईंना कामावर जायला उशीर होत होता. त्या पिल्लांच्या खोलीत, एका हातात पिल्लांखालचे ओले कागद, दुसरा हात माझ्यावर. धाकटी दाराशी घाईला आलेली. सूनबाईंनी शेडकडे तोंड करून विचारलं, "थोरली कुठंय?"

सुताराचा आवाज आला, "बाहेर आहे."

आता बघा हं, गंमत नाही ही. बाप-लेकांच्या बोलण्यात 'आत' म्हणजे बाबांची खोली आणि 'बाहेर' म्हणजे मधली खोली. नऊ वर्षं ते असंच बोलत आलेत. सूनबाईंच्या लेखी 'बाहेर' म्हणजे घराबाहेर, रस्त्यावर, बाबांबरोबर फिरायला. तोच शब्द, तेच घर, आणि एवढ्या वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कारण तोवर त्यानं काही बिघडलंच नव्हतं. चादरीवरून जरा वाकून पाहिलं असतं तरी दिसलं असतं. पण त्यांनी पाहिलं नाही. मला उचललं, आणि मी तेल प्यायलेली, हूं की चूं न करता वर गेले.

पुढचं फार थोडा वेळ चाललं. धाकटी बाहेर पडली ती थेट थोरलीवर. खुर्ची पडली. बाबांनी दोघींच्या मध्ये हात घातला. घालू नये असं डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितलं होतं, पण स्वतःचं जनावर ओरडत असताना कोण लक्षात ठेवतो! थोरलीचे दात बाबांच्या अंगठ्यात रुतले. सुतारानं धावत येऊन लाकडाची फळी मध्ये सरकवली तेव्हा दोघी सुटल्या. मी कोयंड्याबाहेर लोंबत सगळं पाहत होते. माझा जीव नुसता वरखाली होत होता.

बाबांच्या अंगठ्याला टाके पडले. आणि संध्याकाळी घरात ठरलं की थोरली जाणार. बाबांच्या लेकीकडे, दुसऱ्या गावाला, रविवारी. सूनबाई म्हणाल्या की जे जनावर आपल्या माणसाला चावतं ते पाच पिल्लांच्या घरात ठेवायचं कसं. सुतार शेडच्या दारात मान खाली घालून पायानं लाकडाचा भुसा सारखा करत राहिला. आपण काय बोललो आणि तिनं काय ऐकलं, हे त्याला एव्हाना कळलं होतं. पण बोलला नाही. बाबांनी फक्त एवढं म्हटलं, "चावली मला आहे. माझी तक्रार नाही."

ते कुणी मनावर घेतलं नाही. मला सांगा, ज्याला लागलंय त्याचंच ऐकायचं नाही, हा कुठला न्याय? पण माझं कोण ऐकणार. ते चार दिवस मी नुसती तडफडले. काढ, घाल, काढ, घाल. सूनबाई मला हात लावायच्या तेव्हा त्यांची बोटं गार असायची. एकदा तर मला घातल्यावर त्या तिथंच उभ्या राहिल्या. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं, आणि पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. तेव्हा मी ओळखलं की यांनाही झोप लागत नाहीये.

रविवारी लेक गाडी घेऊन आली. थोरलीला वाटलं, फिरायला निघालोय. शेपटी हलवत दाराकडे गेली. बाबांनी तिची ताटली आणि गोधडी एका पिशवीत भरली होती. मग मागून त्यांची स्वतःची पिशवीही आली. लेकीनं विचारलं, हे काय? ते म्हणाले, तिला एकटीला करमणार नाही, चार दिवस येतो.

सूनबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्यांचा हात माझ्यावर होता.

"बाबा," त्या म्हणाल्या, "कडी मी काढली होती. न बघता. आणि चार दिवस मी त्या मुक्या जिवावर ढकलतेय."

मग सुतारही बोलता झाला. बाहेर म्हणालो तो मी, म्हणाला. दोघंही एकदम बोलायला लागले, माझीच चूक म्हणून वाद घालायला लागले. नणंद वैतागून म्हणाली, अरे, मी गाडी वळवू की चहा टाकू? चहाच टाकला. बाबा पिशवी तशीच मांडीवर धरून बसले. थोरली दाराकडे बघत बसली. फिरायला नेणार होते आणि नेलं नाही, याचा तिला राग आला होता.

त्या दिवसापासून घरात 'बाहेर' आणि 'आत' हे शब्द बंद. बाबांची खोली, मधली खोली, अंगण, रस्ता, असं पूर्ण बोलायचं. आणि जो मला काढेल त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पलीकडे पाहायचं, दुसऱ्याच्या शब्दावर काढायचं नाही. पिल्लं दोन महिन्यांची होऊन एकेक करत चांगल्या घरी गेली. मग डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून दोघींना लांबच्या मोकळ्या मैदानात नेऊ लागले. दोन दोऱ्या, दोन माणसं, मध्ये वीस पावलं. आठवड्यानं पंधरा. मग दहा. कधी पुन्हा वीस.

परवा चादर काढली आणि मलाही काढलं. सूनबाईंनी आधी वाकून पाहिलं, थोरली बाबांच्या पायाशी होती. फाटक उघडलं. धाकटी आली. तुटक्या कानाशी थबकली. थोरली हलकेच गुरगुरली, कुणी तिला दम दिला नाही. धाकटीनं मान वळवली आणि दोन हात लांब जाऊन बसली.

बस. एवढंच. एका गोधडीवर त्या आता झोपत नाहीत, झोपतील असंही मला वाटत नाही. सुतार म्हणतो, फाटक काढून टाकू का? सूनबाई म्हणतात, राहू दे. जेवणाच्या वेळी मी अजून लागतेच. बाबांचा अंगठा नीट वाकत नाही, त्यांच्यानं मी निघत नाही. मग ते सुनेला हाक मारतात आणि ती हातातलं काम टाकून येते.

तर बायांनो, बाबांनो, तुमच्याही घरी माझी कुणी बहीण असेल. तिला उचलण्याआधी क्षणभर पलीकडे बघत जा. आम्हाला कुणाचंच बोट अडवता येत नाही. काल दुपारी फाटक उघडं होतं, दोघी दोन कोपऱ्यांत होत्या आणि काहीही झालं नाही. ते काहीही न झालेलं बघत बाबा खुर्चीत बसून रडत होते.