टेबल सपाटच होतं

आलेखाच्या कागदाची ती घडी आता आठपदरी झाली होती. आधी दुपदरी, मग चौपदरी... लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्याखाली सरकवलेली, हिरव्या चौकटींची एक कड तेवढी बाहेर डोकावणारी. माधुरीने डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं तसा उजवा कोपरा घडीवरून हलकेच उचलला गेला, बोट काढल्यावर टक् करून खाली बसला. म्हणजे आठ पदरही पुरेनात. टेबल जुनं आहे, पाय झिजलेत, असं तिने तीन आठवड्यांपूर्वी स्वतःला सांगितलं होतं आणि सांगताना मानही डोलावली होती, वर्गात एखाद्या पोराच्या बरोबर उत्तराला डोलवायची तशी. टेबल सपाट होतं. पोलादपुरात बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला एवढं कळत नव्हतं असं थोडंच आहे.

नऊ वाजले आणि पंखा थांबत गेला. शुक्रवार. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जायची ती संध्याकाळी पाचपर्यंत, कधी त्याहून उशिरापर्यंत. सगळं गाव त्या वेळेला चरफडायचं, एक माधुरी सोडून. तिचा आठवडाच मुळी शुक्रवारी उगवायचा. चार वाजता दोन गल्ल्या पलीकडून महरुन्निसा यायची, हातात सांदणांचा डबा, आणि कुवेतला असलेल्या अरसलानशी, आपल्या मुलाशी, या लॅपटॉपवर तासभर बोलायची. तिकडची जुम्म्याची नमाज आटोपून तो खोलीवर आलेला असायचा, अडीचला त्याची कामाची गाडी यायची, म्हणजे आपले पाच. बरोबर तेवढा तास, आणि बरोबर त्याच तासाला वीज नाही. म्हणून बॅटरी. म्हणून शनिवार ते शुक्रवार, दिवसरात्र, लॅपटॉपची पिन भिंतीत खोचलेली, वर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल, धूळ बसू नये म्हणून. पूर्ण भरलेली बॅटरी सतत भरत ठेवू नये, ती उबेत झाकून ठेवू नये, हे तिला ठाऊक होतं. पण शुक्रवारी चार वाजून वीस मिनिटांनी पडदा काळा पडला असता तर?

लॅपटॉप तिने निवृत्तीनंतर घेतला होता तो प्रात्यक्षिकांची टिपणं नीट उतरवून काढण्यासाठी. चार पानं झाली होती. मग अरसलान कुवेतला गेला, त्याची आई एक दिवस फाटकापाशी उभी राहिली — "बाई, तुमच्याकडं त्यो काम्पुटर हाय ना, त्यात म्हनं मानूस दिसतो..." — आणि टिपणं तिथेच राहिली. बारावीला अरसलान तिच्याच वर्गात होता. तास संपता संपता तो म्हणायचा, "अम्मी, बाईंना बोलव ना." मग माधुरी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत यायची, हात कोरडे असले तरी. "सलाम बाई, बऱ्या आहात ना?" "बरी आहे. जेवतोस ना वेळेवर?" दोन मिनिटं. या दोन मिनिटांसाठी ती गुरुवारीच साडी काढून ठेवायची हे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. बाकीची अठ्ठावन्न मिनिटं ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ऐकत उभी राही. दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची शेळी व्याली. ऐकता ऐकता तिला त्या घरातली माणसं आपल्याच नात्यातली वाटू लागली होती. आई गेल्यापासून या घरात दुसरा आवाज तो तेवढाच.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर शुक्रवारच्या चौकटीत पेन्सिलीने बारीक आकडे होते. सहा मार्च — एक पूर्णांक चार. तेरा मार्च — तीन पूर्णांक एक. मिलिमीटर. कपाटातलं जुनं व्हर्निअर काढून तिने मोजलं होतं, लॅपटॉपच्या तळाला बॅटरीचा किती फुगवटा आला ते. शून्य त्रुटीसुद्धा वजा केली होती! मोजलं की आपण बघितलं असं वाटतं. मोजलं, लिहिलं, आणि कागदाला आणखी एक घडी घातली.

आणि तेरा तारखेला...

महरुन्निसाची नजर कमी झाली होती. टेबलावरचा पडदा तिला धूसर दिसे, म्हणून ती लॅपटॉप सरळ मांडीवर घ्यायची, दोन्ही हातांनी कवळून. "कसा ऊन लागतोय बगा, बाई," तेरा तारखेला ती हसत म्हणाली होती, "पोराला ताप भरल्यागत." आणि मग, नाक किंचित वर करून, "आज अत्तर लावलात काय? ग्वाड वास येतोय."

माधुरीला तो वास तिच्या आधी आला होता. गोडसर, पिकल्या अननसासारखा, मागे स्पिरिटची किंचित धार. एस्टर. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत परीक्षानळीच्या तोंडावर हाताने वारा घेऊन हुंगलेला. बॅटरीतून असा वास येतो तेव्हा आतला द्राव बाहेर यायला लागलेला असतो. अशी बॅटरी कधी नुसती धुमसते, कधी भडकते. त्या क्षणी करायची गोष्ट एकच होती, उठून तिच्या मांडीवरून ते यंत्र उचलणं.

"हो," माधुरी म्हणाली होती. "लावलंय थोडं."

त्यानंतर चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं ती ओट्याला टेकून उभी होती आणि त्या दिवशी काय बोलणं झालं त्यातला एक शब्द तिला आठवत नव्हता. आठवत होती ती पाण्याने भरलेली बादली, जी तिने नकळत पायाने दाराजवळ ओढली होती. पेटली तर एवढं पाणी पुरायचं नाही हेही माहीत असताना.

का गं? असं कुणी विचारलं असतं तर? कारण त्याच दिवशी, दाराशी चपला काढताना, महरुन्निसा सहज म्हणाली होती, "माजा पुतन्या अजमल, महाडला यष्टी स्टँडापाशी सायबर टाकलाय त्यानं. म्हनतो, चाची, माज्याकडं या, जनरेटर हाय. म्या म्हटलं, नाय रे बाबा, बाईंचं बरं हाय आपलं." बरं हाय आपलं. ते 'आपलं' माधुरीने आठवडाभर पुरवून वापरलं होतं.

काल तिने महाडच्या दुकानात फोन केला. दुकान पियुषचं, तोही विद्यार्थीच.

"फुगलीय ना? काय टेन्शन घेऊ नका बाई. सुई मारा बारीकशी, हवा निघून जाईल. मोबाईलच्या आम्ही मारतो की."

"पियुष, ती सायकलची ट्यूब नाही. सुई आत गेली तर दोन थर एकमेकांना टेकतील आणि पेट घेईल. तू माझ्या वर्गात होतास ना रे?"

"होतो ना बाई. शेवटच्या बाकावर."

तिला हसू आलं, मग गेलं. मी पहिल्या बाकावर होते. काय फरक पडला?

"नवीन बॅटरी मुंबईवरनं मागवावी लागेल," तो म्हणाला. "मॉडेल जुनं आहे, महिना-दीड महिना धरा. तोवर बॅटरी काढून नुसती पिन लावून चालवा, वीज असली की चालेल. जुनी आणून द्या, मोठ्या वेंडरकडे पाठवू. पण उद्या येऊ नका हां, वीस तारीख, बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळायची नाय."

वीस तारीख. चवदार तळ्याला निघालेल्या गाड्या सकाळपासून महामार्गावरून जात होत्या, निळे झेंडे, ढोलाचा तुटक आवाज. कुठून कुठून माणसं एका पाण्याच्या काठाशी येतात... आणि अशा भरल्या बसमध्ये, मांडीवर पिशवी घेऊन, मी ही वस्तू नेली असती? काल दुपारी ती खरंच तेवढ्यासाठी पिशवी शोधत होती. घरातून जाऊ दे, मग कुणाच्याही शेजारी जाऊ दे. पिशवी तिने परत खुंटीला लावली होती.

दीड महिना. सहा शुक्रवार. सहा शुक्रवारांत माणसाला महाडच्या बसची सवय लागते.

तिने भिंतीतली पिन काढली. रुमाल काढला, घडी करून बाजूला ठेवला. लॅपटॉप बंदच होता, तरी तासभर तसाच निवू दिला. तेवढ्या वेळात परसातली वाळू, मोरीच्या डागडुजीतून उरलेली, लोखंडी तव्यावर थोडी थोडी भाजून कोरडी केली आणि पसरून गार होऊ दिली. दमट वाळू नको. मातीची रिकामी कुंडी, तळाचं भोक खापरीने झाकलेलं, त्यात चार बोटं वाळू. कुंडी परसाच्या टोकाला, फरशीवर, लाकूडफाट्यापासून आणि कपड्यांच्या दोरीपासून दूर. हातांना हे सगळं किती नीट येत होतं! हातांनी तीन आठवडे काही विचारलंच नव्हतं.

मग लॅपटॉप उलटा केला. खिट्टी सरकली, पण फुगलेलं अंग खाचेत अडकून बसलं होतं. पेचकस पुढ्यात होता, तो तिने लांब सारला. धातू नाही, जोर नाही, वाकवायचं नाही. शाळकरी प्लॅस्टिकची पट्टी कडेने आत घातली, जरा इकडून, जरा तिकडून, श्वास अडवून... आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्या सुजलेल्या बोटातली अंगठी काढली होती ती अशीच, साबण लावून, तिला दुखू न देता. आई म्हणाली होती, आता तुझ्याकडे कोण येईल गं?

बॅटरी निघाली. उशीसारखी. तिच्या काळ्या आवरणावर ताणाची चमक आली होती. बाहेरून काहीही आत गेलेलं नव्हतं, आपल्याच आतल्या द्रवातून आपल्याच आत वायू धरत ती फुगत गेली होती. आणि तो वास. माधुरीने टोकांच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावली, बॅटरी सपाट तळव्यांवर न दाबता धरून परसात नेली, वाळूत ठेवली, वरून वाळू सोडली. झाकण नाही. वायूला वाट हवी. खिडक्या उघडल्या, हात दोनदा धुतले.

आतल्या खोलीत लॅपटॉप पाठीला चौकोनी खड्डा घेऊन पडला होता. तिने तो सुलटा केला, टेबलावर ठेवला, डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. हलला नाही.

बारा वाजले. एक. ती जेवली नाही. सांगायचं काय हे ठरवायला एवढा वेळ लागेल असं तिला वाटलं नव्हतं. यंत्र बिघडलंय — हे खोटं नव्हतं. कालपर्यंत चांगलं होतं, आज बघते तर... हे वाक्य तिच्या मनात इतकं सफाईदार उभं राहिलं की तिला त्याची भीती वाटली. तीनच्या सुमाराला ती परसात गेली, कुंडीपाशी उभी राहिली. वाळू गार होती. आजचा एकच तास. टेबलावरच ठेवायचा, मांडीवर घेऊ द्यायचा नाही... हात कुंडीच्या काठापर्यंत गेला. तिथून तो परत आणायला तिला स्वतःला मोठ्याने सांगावं लागलं, "माधुरी." कितीतरी वर्षांत हे नाव या घरात उच्चारलं गेलं नव्हतं. सगळे बाई म्हणत.

चारला पाच कमी असताना फाटक वाजलं.

"बाई! आज सांदनं फुगलीत बगा, कदी न्हवं ती!" महरुन्निसा डबा पुढे करत आत आली, खुर्चीत बसली आणि सवयीने दोन्ही हात मांडीवर उघडून तिने लॅपटॉपची वाट पाहिली.

"भाभी, आज नाही लागायचा," माधुरी उभ्यानेच म्हणाली. "बॅटरी काढून टाकलीय मी. खराब झाली होती. पेट घेतला असता."

"या अल्ला. कदी झाली?"

कदी. बाहेर एक गाडी घोषणा देत गेली, आवाज लांबपर्यंत ऐकू येत राहिला.

"तीन आठवडे झाले," माधुरी म्हणाली. "गेल्या शुक्रवारी तुम्हाला वास आला ना, तो अत्तराचा नव्हता. बॅटरीचा होता. मला माहीत होतं."

महरुन्निसाने मांडीवरचे हात बघितले, मग ते हळूच मिटले. कपाळावर ओढणी सारखी केली.

"माज्या मांडीवर व्हता त्यो," ती म्हणाली.

"हो."

"मंग सांगितलं का नाय?"

उत्तर एका वाक्याचं होतं. माधुरीने ते सबंध मनात जुळवलं, क्रियापदासकट, आणि ओठांपर्यंत आणलं. "तुम्ही... महाडला गेला असता," एवढंच बाहेर पडलं.

महरुन्निसाने पिशवीतून मोबाईल काढला, डोळ्यांजवळ धरून अरसलानच्या नंबरचं बटण दाबलं, दोन रिंगा वाजू दिल्या आणि फोन तोडला. दोन रिंगा म्हणजे सगळं खुशाल. मग तिने मोबाईल मांडीवर ठेवला. उठली नाही.

"लाइट पाचाला येतो ना?" तिने विचारलं, भिंतीकडे बघत.

"येतो. कधी उशीर होतो. पण त्याची गाडी..."

"गाडी कदी कदी उशिरा येते."

मग दोघी बसल्या. सांदणांचा डबा मध्ये, न उघडलेला. माधुरीला वाटलं, विचारावं, रागावलात का? पण ते विचारणं म्हणजे 'नाही' असं उत्तर मागून घेणं. महरुन्निसा थांबली होती ती विजेसाठी, की उन्हासाठी, की आणखी कशासाठी, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, आणि मोजायला हाताशी काही नव्हतं. खोलीत वास कसलाच नव्हता. उघड्या खिडकीतून परसातली कुंडी दिसत होती, उन्हात, आपल्या जागी.

पाच वाजून गेले. पंखा हलला नाही. महरुन्निसाने एकदा वर पाहिलं, पुन्हा मान खाली घातली. माधुरीनेही वर पाहिलं. तीन स्थिर पाती, कडेला धुळीची रेघ. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपल्याला वीज यायला नको आहे. अजून थोडा वेळ. वीज नाही तोवर ही इथे बसलेली असेल. एवढं सगळं सांगून झाल्यावरही नकोच आहे. समोर एक आई मोबाईल मुठीत धरून बसलेली असताना.

टेबलावर ती कागदाची आठपदरी घडी तशीच पडली होती, हाताच्या अंतरावर. माधुरीने ती घेतली नाही. जे ध्यानात आलं होतं ते तिने तसंच डुगडुगत राहू दिलं, आणि त्याच्याकडे बघत बसली.