रुमालाखालचा हात

उंब्रजचा मोहिद्दीन शेळ्या-बोकडांचा व्यापारी. बाजारात त्याचे सौदे रुमालाखाली व्हायचे. समोरच्याच्या तळव्यात बोटं दाबायची. एक बोट म्हणजे हजार, पंजा म्हणजे पाच. भोवतालच्यांना ताकास तूर लागू द्यायची नाही. या कामात तो इतका मुरलेला, की भाव पडला तरी त्याची भुवई हलत नसे.

आज मात्र तो सांगलीच्या इस्पितळात टेबलावर होता, कवटी उघडलेली आणि स्वतः टक्क जागा. गाठ मेंदूत डावीकडे होती. उजव्या हाताला स्पर्श कळतो ती जागा तिला खेटून, आणि बोलण्याची जागाही तिथून जवळच. म्हणून डॉक्टर राजेश्वरींनी डोक्याची कातडी तेवढी बधिर केली होती. हात बधिर वाटला की लगेच सांगायचं, तिथे मी थांबेन, उरलेल्याला रेडिएशन आहे, गोळ्या आहेत, असं त्यांनी बजावलं होतं.

हे ‘उरलेलं’ मोहिद्दीनच्या काळजात रुतून बसलं होतं. धाकट्या भावाची, यासीनची गाठही अशीच थोडी उरली होती, आणि वर्षाच्या आत यासीन गेला. त्याची गाठ वेगळ्या जातीची होती, असं डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं. पण ऐकतो कोण? हात गेला तर जाऊ दे, गाठ मुळासकट निघाली पाहिजे, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. बायकोला, सलिमालाही पत्ता लागू दिला नाही. घाबरलेला माणूस असलाच शहाणपणा करतो.

चाचणी घ्यायला शेजारी थेरपिस्ट दीपमाला बसली होती. पेशंटला त्याच्याच धंद्यातून तपासायची तिची पद्धत, म्हणून आदल्या दिवशी तिनं त्याच्याकडूनच रुमालाचा सौदा शिकून घेतला होता. आता हिरव्या कापडाखाली ती त्याच्या उजव्या तळव्यात बोटं दाबायची आणि तो भाव सांगायचा. हातही तपासला जायचा, जीभही.

“दोन हजार.”

“बरोबर, चाचा.”

डॉक्टरांचं काम पुढे सरकत होतं. आणि मग तळवा जाड झाला, हातमोजा चढवल्यासारखा. काहीतरी दाबलं गेलं, पण बोटं किती ते कळेना. सांगायची वेळ हीच होती. पण बाई नवख्या गिऱ्हाइकासारखी एकेक बोट वाढवत जाते, पाचानंतर पुन्हा एकावर येते, हे त्यानं केव्हाच हेरलं होतं.

“तीन हजार,” तो बिनदिक्कत म्हणाला. मग चार. दोन्ही बरोबर आले. चेहऱ्यावर बाजारातलाच मख्खपणा होता. आत मात्र तो भीतीनं अर्धा झाला होता.

“पाच ह… हजार.” जीभ किंचित अडखळली. त्यानं खोकल्यासारखं केलं. दीपमालानं त्याच्याकडे रोखून पाहिलं.

“आता, चाचा?”

“एक हजार.”

दीपमालानं आपले दोन्ही हात त्याच्या डोळ्यांसमोर वर धरले. कापडाखाली तिचं एकही बोट नव्हतं.

“मॅडम, थांबा,” ती म्हणाली. “ह्यांना काहीच कळत नाहीये.”

डॉक्टरांचे हात जागीच थांबले. “आणखी पुढं गेले असते, तर हाताबरोबर तुमचं बोलणंही गेलं असतं,” त्या म्हणाल्या. मोहिद्दीनच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानापर्यंत ओघळलं. पुसायला हात उचलावा म्हटलं, तर उजवा हात कुठं आहे तेच त्याला उमगेना.

दुसऱ्या दिवशी दीपमाला वॉर्डात आली, तेव्हा तो तोंड फिरवून पडला होता. गाठीचा थोडा भाग आत राहिला होता, आणि त्याचा सगळा राग तिच्यावर.

“तुमी मला फशिवलं,” तो म्हणाला.

“आणि तुमी कुणाला फसवत होता, चाचा?”

उशाशी बसलेल्या सलिमानं सगळं ऐकलं होतं. तिनं पांघरुणाखाली हात घातला आणि त्याच्या उजव्या तळव्यात बोटं दाबली. रुमालाखालची ही भाषा तिला पाठ होती, जन्मभर त्याच्या सौद्यांच्या बढाया ऐकल्या होत्या.

मोहिद्दीननं तोंड तिच्याकडे वळवलं. अंदाज करणं काही अवघड नव्हतं, पण त्यानं केला नाही.

“एक कळतंय,” तो म्हणाला. “लय बारीक. त्याच्या म्होरं काय कळत न्हाई.”

“दोन हायती,” सलिमा म्हणाली, आणि तिनं हात तसाच ठेवला.