जावयादेखत

“दारू घेता का, बाई?” पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं.

अंगात हुडहुडी भरलेली असूनही गोजराबाई फणकारल्या, “मला च्या बी चढतो म्हनावं!”

ते ‘म्हनावं’ जयसिंगला होतं. तो त्यांचा जावई. घोटावड्यात सासू जावयाशी समोरासमोर बोलत नसे. पदर ओढून, भिंतीला सांगितल्यासारखं बोले. नवरा गेल्यावर लोकांचं भात कांडून गोजराबाईंनी एकुलती लेक वाढवली, पण हा रिवाज कधी मोडला नाही. लेक आता बाळंतीण होती, म्हणून इस्पितळात जावयालाच यावं लागलं.

डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली दाबलं तशा त्या कळवळल्या.

“यकृतात पू झालाय. कधी कधी याचं मूळ आतड्यात असतं. परसाकडला रक्त पडतं का?”

पदर आणखी खाली आला. जयसिंग फरशीकडे बघत राहिला.

“न्हाई,” पदराआडून उत्तर आलं.

डॉक्टरांनी मोठ्या सुईनं पू काढला, इंजेक्शनं दिली. ताप उतरला. घरी आल्यावर गोजराबाई भिंतीला म्हणाल्या, “पाव्हन्यांनी लई केलं. आता नातू खेळवीन.”

सुगीपर्यंत त्या निम्म्या झाल्या. पुन्हा हुडहुडी, पुन्हा तीच कळ.

“परत पू?” डॉक्टर विचारात पडले. “बाई, आता खरं सांगा...”

जयसिंग उठला. “मामी, मी भाईर हाय.” त्यानं दार ओढून घेतलं. ते नीट लागत नव्हतं.

“व्हय, पडतं,” आतून ऐकू आलं. “गेल्या सालच्या लावनीपास्नं. मला वाटलं मूळव्याध.”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

“पाव्हनं हुतं की समोर.”

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. “आतड्यात कॅन्सरची गाठ आहे. हाताला लागते. पू तिच्यामुळेच होत होता.”

“काडून टाका की, सायेब. माजं रगत घ्या.”

“तेव्हा कदाचित निघाली असती. आता पोटभर पसरलीय. घरी न्या.”

एस.टी.त गोजराबाईंनी पुढच्या बाकाला विचारलं, “डाक्तर काय म्हनलं म्हनं?”

“काय खावंसं वाटंल ते खा म्हनलं, मामी.”



पिरंगुटच्या घाटात गाडीनं हिसका दिला आणि त्यांचा पदर खांद्यावर घसरला. तो सावरायला हात निघाला, अर्ध्यावरून मांडीवर पडला. पुन्हा निघाला, पुन्हा पडला.

पदराला हात लावणं जयसिंगला शक्य नव्हतं. त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि घोटावडे येईपर्यंत तो बाहेरच बघत राहिला.