टर्बोची शिट्टी

उस्तादांचा कान खोटं बोलत नाही, ही गोष्ट त्या भागातल्या समस्त वाहनधारकांना सूर्य उगवण्याइतकी पक्की ठाऊक होती. उस्ताद स्वतःही ती सांगत. पूर्वी हळू आवाजात सांगत. हल्ली बरंच ओरडून.

गॅरेजचा एक कायदा होता. गाडी आली की उस्ताद मडगार्डवर हात ठेवून, डोळे मिटून ऐकणार, बिघाडाचं नाव घेणार आणि मगच बॉनेट उघडलं जाणार. आधी उघडून पाहणं म्हणजे नाडी न बघताच पोट फाडणं, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाइकांना गाडी दुरुस्त होण्यापेक्षा हा सोहळाच जास्त आवडे.

गेल्या काही महिन्यांत मात्र बारीक आवाज एकेक करून रजेवर गेले होते. सकाळची पाखरं बंद झाली तेव्हा उस्ताद बायकोला म्हणाले, "चिमण्या हा भाग सोडून गेल्या वाटतं."

"गेल्या? मग गॅलरीत रोज घाण कोण करतंय, मी?"

त्या दिवसापासून उस्ताद घाबरलेले होते. आणि आज शाळेतल्या भूगोलाच्या बाई आपली जुनी टर्बो डिझेल घेऊन दारात उभ्या होत्या.

"चढावर नुसती धापा टाकते हो. आणि शिट्टी वाजते. उद्या आईला डायलिसिसला न्यायचंय, घाटातून. जाईल ना?"

"दादा, स्कॅनर लावून बघू?" हाताखाली काम करणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाने विचारलं.

"ही गाडी जन्मली तेव्हा तुझा स्कॅनर कुठे होता?" उस्ताद गरजले आणि बाईंच्या शेजारी जाऊन बसले.

गॅरेजमागच्या चढावर बाईंनी ॲक्सिलरेटर दाबला.

"ही बघा! ऐकलीत?"

"हं," उस्ताद म्हणाले. शेजारच्या खोलीत कोणी पलंग सरकवावा तसं काहीतरी त्यांना ऐकू आलं होतं.

"परत आली! अगं बाई, केवढी मोठी!"

उस्ताद बाईंकडे वळले. "तुम्हाला... कशी वाटते?" गिऱ्हाइकाचं मत त्यांनी आयुष्यात प्रथमच विचारलं होतं.

"सायरनसारखी. नाही, जरा फुस्स पण आहे. तुम्हीच सांगा ना, मला काय कळतंय?"

फुस्स म्हणजे हवेचा पाइप गळतोय, किरकोळ काम. सायरन म्हणजे टर्बोचं, इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, बेअरिंग गेलंय. बेअरिंग गेलेली एक डिझेल गाडी उस्तादांनी पाहिली होती. तुटक्या टर्बोतून स्वतःचंच ऑइल पीत इंजिन बेफाम सुटलं होतं, किल्ली काढली तरी थांबत नव्हतं आणि ड्रायव्हर ती किल्ली हातात धरून रस्त्याच्या कडेला रडत होता. त्याच्या गाडीत निदान कोणाची आई तरी नव्हती.

गॅरेजमध्ये परत आल्यावर उस्तादांनी मडगार्डवर हात ठेवला, डोळे मिटले. बाई श्वास रोखून थांबल्या. भाऊ थांबला. 'पाइप' म्हणण्यासाठी उस्तादांचे ओठ जुळलेसुद्धा होते. पण मिटल्या डोळ्यांसमोर घाट आला आणि मागच्या सीटवर उशीला टेकलेली एक म्हातारी आली.

"बॉनेट उघड," ते भावाला म्हणाले.

"नाव न घेता?"

"तूच बघ. मला..." ते अडखळले. "मला ऐकू नाही आलं रे."

कित्येक महिन्यांनी ते हळू बोलले होते. भावाने वर्षानुवर्षं टोमणे जमवून ठेवले होते. त्यातला एकही त्याने बाहेर काढला नाही. तो त्यांच्या अगदी समोर आला आणि ओठ नीट हलवत म्हणाला, "दादा, आधी टर्बोचा शाफ्ट डुगडुगतोय का ते बघू?"

"बघ. डुगडुगत असेल तर गाडी इथून हलायची नाही. बाई रागावल्या तरी."

भावाने पाइप काढून शाफ्ट चिमटीत धरला, हलवून पाहिला. घट्ट होता, म्हणजे बेअरिंग शाबूत होतं. हवेच्या दुसऱ्या पाइपचा क्लॅम्प तेवढा ढिला होता. तो त्याने आवळला. बाई चढ चढून परत आल्या त्या खिडकीतून हात हलवतच.

"बंद झाली हो शिट्टी! अगदी बंद!"

उस्तादांनी मान डोलावली. त्यांच्या लेखी ती सकाळपासून बंदच होती.