सायकलवाटेवरचा सालईचा खुंटा

मी एक जुना खुंटा आहे, मित्रांनो. तुम्हाला समोर फांद्या पसरलेले झाड दिसत असेल, तर त्यात तुमची चूक नाही. पण माझी कथा खुंट्याचीच आहे. वरठीहून बोरटोल्याला येताना तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, सायकलवाट लागते. त्या वाटेच्या गावाकडच्या तोंडाशी, अगदी मधोमध, मी उभा आहे. माझ्या उजवीकडून एक सायकल जाते, डावीकडून एक. बैलगाडी मात्र कोणत्याच बाजूने जात नाही. माझे काम एवढेच, आणि एवढ्याशा कामापायी अख्खे गाव भांडले.

माझा जन्म नाकाडोंगरीच्या जंगलातला, एका मोठ्या सालईच्या अंगावरचा. एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मला तोडले आणि गाडीत घालून बोरटोल्याला आणले. यादोराव नावाच्या शेतकऱ्याच्या घरी लग्न होते. आमच्या भागात लग्नाचा मांडव ओल्या सालईच्या खुंट्यांवर घालतात आणि वर जांभळीच्या डहाळ्या पसरतात. मांडवाभोवती हळदीचे पिवळे सूत गुंडाळतात. त्या सुताचा एक वेढा माझ्या अंगावरच्या एका खाचेत बसला. यादोरावांची एकुलती एक लेक तुळसा सासरी सिहोऱ्याला निघाली, तेव्हा ती मलाच धरून रडली होती. मला रडता येत नव्हते, पण त्या दिवसापासून ती पोर माझी झाली.

मांडव उतरला आणि मी यादोरावांच्या परसात लाकडांच्या ढिगावर पडलो. चूल माझी वाट पाहत होती. तेवढ्यात बेबीबाई आली.

बेबीबाईची ओळख करून देतो. तिचा नवरा धनीराम मोहाच्या झाडावरून पडला आणि त्याच्या पायातली ताकद गेली. तो रोज सायकलीवरून वरठीच्या स्टेशनावर दूध नेत असे. आता दूध नेणार कोण? बेबीबाईने लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि नवऱ्याची दांड्याची सायकल शिकली. पहिले काही दिवस गावाने तोंडात बोटे घातली, मग तेच गाव तिच्या घंटीवर घड्याळ लावू लागले. डांबरी सडकेवरून खाणीचे ट्रक धावत. ट्रकच्या नुसत्या वाऱ्याने दुधाचे डबे लटकवलेली सायकल हेलकावे खाई. म्हणून ती पाळीवरून जाई. शाळेची मुले, टपालवाला, रेल्वेतले गँगमनसुद्धा तिकडूनच जात.

पण पाळीवरून बैलगाड्याही जाऊ लागल्या होत्या. चाकांनी खोल चाकोऱ्या पडल्या आणि एका सकाळी त्यांत बेबीबाईचे चाक अडकले. ती पडली, गुडघा फुटला आणि सगळे दूध तलावात गेले. स्टेशनावरच्या चहावाल्यांनी दुसरा दूधवाला बघण्याची भाषा सुरू केली. अजून एकदा असे झाले असते, तर त्या घरची चूल थंडावली असती.

मारुतीच्या पारावर सभा भरली. मी तेव्हा ढिगावर होतो, पण सभेतला आवाज परसापर्यंत येत होता. वाटेवर खुंटा रोवावा, हे बहुतेकांना पटले. भांडण झाले ते खुंट्याचा मालक कोण यावर. सरपंच भय्याजी म्हणाले, वाट पंचायतीची आहे, तेव्हा खुंटा पंचायत रोवेल आणि कोणाची गाडी जाऊ द्यायची ते सरपंच ठरवेल. पाटबंधारे खात्याचे मुकादम देवाजी म्हणाले, पाळ खात्याची आहे, पंचायतीने तिथे काडीही रोवायची नाही. सायकलवाले म्हणाले, रोज आम्ही जातो, म्हणून वाट आमची. यादोराव सगळ्यांवर तापले. त्यांच्या आजाने या पाळीसाठी डोक्यावर माती वाहिली होती आणि त्यांची बांधी, म्हणजे धानाचे शेत, पाळीच्या पलीकडे होती. गाडी फिरवून आणायची म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. त्यांचेही काही खोटे नव्हते.

शेवटी बेबीबाई उठली.

"वाट कोणाचीबी राहो जी," ती म्हणाली, "मले फक्त सकाळी स्टेशनावर पोचू द्या."

निर्णय न होताच सभा उठली.

दुसऱ्या दिवशी ती यादोरावांच्या परसात आली. यादोराव बांधीवर गेले होते. तिने त्यांच्या बायकोकडे, गोदावरीबाईंकडे, एक लाकूड मागितले. कशासाठी ते गोदावरीबाईंनी विचारले नाही; मनाच्या मोठ्या होत्या, ढिगातून मला काढून दिले. त्याच संध्याकाळी बेबीबाईने पाळीवर खड्डा खणला. धनीराम काठावर बसून सूचना देत होता आणि ती त्याला गप्प करत होती. मी उभा राहिलो. घरच्याच लाकडाने घरची गाडी अडवली, याची यादोरावांना कल्पनाही नव्हती.

मग कागदी घोडे नाचू लागले. हा खुंटा आमचा, असे सरपंचांनी तहसिलीला कळवले. खुंटा बेकायदा आहे, असे मुकादमांनी खात्याला कळवले. दोन्हीकडून एकच उत्तर आले, निकाल लागेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. अख्खा पावसाळा मला कोणी हलवले नाही, उपटले नाही, की ढकलले नाही. मित्रांनो, ओली सालई ओल्या मातीत रोवून तिला निवांत सोडले, तर ती काय करते, हे आमच्या गावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण मालकीच्या भांडणात ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही. हे दोन शहाणे भांडत होते, तोवर मी मुळे सोडली.

कार्तिकात धान कापणीला आले. यादोरावांचा धीर सुटला. निकाल गेला खड्ड्यात म्हणत ते बैल आणि जाड दोर घेऊन पाळीवर आले. दोर माझ्याभोवती आवळला. तेवढ्यात बेबीबाई रिकामे डबे वाजवत स्टेशनाकडून परतली. ती सायकलवरून उतरली. तिचे तोंड उतरले होते, पण तिने दोराला हात लावला नाही.

"मामाजी, खुंटा तुमच्याच घरचा होय," ती म्हणाली. "काढाचा असन तं काढा. मी उद्यापासून सडकेनं जाईन."

"माह्या घरचा?"

"तुळसाच्या मांडवातला. मामीजीनं देला."

यादोराव वाकले. खाचेत पिवळ्या सुताचा तो वेढा होता, पावसाने फिका झालेला. आणि दोराच्या वर कोवळा पाला फुटला होता. लेक सासरी गेल्यापासून त्या माणसाने घरात धड चार शब्द काढले नव्हते. त्याने पाल्यावर तळहात ठेवला.

"पोरीसंगंच घरून निघाला होता हा," ते म्हणाले. "परक्या मातीत जीव धरला यानं. याले मी कसा उपटू?"

त्यांनी दोर सोडला. बैल उगाच माना हलवत उभे राहिले. मग त्यांनी खरी अडचण सांगितली, "पण बाई, माहे भारे कसे येतीन?"

बेबीबाईने आपल्या सायकलच्या कॅरिअरकडे पाहिले. "येक येक भारा आम्ही आणू. सांजेले सारे खाली हातानंच तं येतेत."

आणि खरेच, मित्रांनो, त्या कापणीत वरठीहून परतणारी प्रत्येक सायकल यादोरावांच्या बांधीशी थांबली. टपालवाल्याच्या मागे भारा, गँगमनच्या मागे भारा. सरपंचांचा पुतण्याही एक घेऊन आला आणि मुकादम देवाजींनी, इकडेतिकडे बघून, दोन आणले. यादोरावांचे पुंजणे, म्हणजे भाऱ्यांची गंजी, पाळीवरून आलेल्या धानाने उभे राहिले. तो रिवाज अजून मोडलेला नाही.

पुढे वरठीला कारखाना आला आणि सायकली खूप वाढल्या. खात्याने माझ्या अंगावर आपल्या नावाची पाटी ठोकली. पंचायतीने तिच्यावर आपली ठोकली. सालईची साल सुटत असते, त्यामुळे दोन्ही पाट्या गळून पडल्या. खिळे मात्र आत राहिले. ते थंडीत दुखतात. माझा निकाल अजून लागलेला नाही.

तुळसा माहेरी येते, तेव्हा आधी मला धरून उभी राहते, मग घरी जाते. यादोराव आता नाहीत. बेबीबाई थकली आहे. सायकल तिने सुनेला दिली आहे, पण संध्याकाळी चालत येऊन माझ्या सावलीत बसते.

तेव्हा तुम्हाला एकच सांगतो. वाट कोणाची यावर खुशाल भांडा, पण भांडताना झाडाच्या अंगात खिळे मारू नका. आणि कापणीच्या दिवसांत वरठीहून इकडे रिकामे येत असाल, तर पाळ लागण्याआधी डावीकडच्या पहिल्या बांधीशी थोडे थांबा. तिथे तुमच्या वाटणीचा एक भारा असेल.